दारातच सगळं तपासा: रनटाइमसाठी आर्ग्युमेंट पार्सिंगची अंतर्गत फंक्शनं कशी लिहावीत

`खोली(-१.०, ०.६, २.२, तास=३)`

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या लेखी ही एक साधी ओळ. आतलं फंक्शन सीमध्ये लिहिलेलं असेल, तर कंसातली ही चार मूल्यं, म्हणजे आर्ग्युमेंटं, सीच्या चार व्हेरिएबलांत बसेपर्यंत बरंच काही व्हावं लागतं: मोजणी, नावांची जुळणी, प्रकाराची तपासणी, रूपांतर, मर्यादा. आणि यातलं काहीही मध्येच फसलं, तर मागे काही न सांडता बाहेर पडणं. हेच आर्ग्युमेंट पार्सिंग. ते करणारी फंक्शनं प्रत्येक कॉलला चालतात, म्हणून त्यातली छोटी ढिलाईसुद्धा सगळ्या रनटाइमभर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामभर, पसरते.

सी बऱ्यापैकी येतं, एखादा छोटा इंटरप्रिटर लिहायला घेतलाय किंवा पायथनला जोडायचं मॉड्यूल करायचंय, अशांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच सांगायला हवं की या कामात सगळा भर क्रमावर असतो. कुठली तपासणी कुठल्या आधी हे चुकलं, की बाकीचं कितीही काळजीने लिहा, फंक्शन एके दिवशी कोसळतं.

उदाहरण: दांड्यावरचं पाणी

खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. सुकतीला तो उघडा पडतो, भरतीला त्याच्यावरून होडी जाते. कोणत्या वेळी किती पाणी असेल, याचा ढोबळ हिशेब बारांशाच्या नियमाने करता येतो: सुकतीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी तासागणिक एकूण फरकाच्या १, २, ३, ३, २, १ बारांश (बारावे भाग) इतकं चढतं. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या येतात, त्यामुळे हा नियम इथे लागू पडतो.

समजा दांडा नकाशाच्या मूळ पातळीपेक्षा एक मीटर वर आहे, म्हणजे नकाशातली खोली -१.०. सुकतीची उंची ०.६, भरतीची २.२. फरक १.६ मीटर. तीन तासांनी सहा बारांश, म्हणजे ०.८ मीटर चढलं. पातळी झाली १.४, आणि दांड्यावर पाणी ०.४ मीटर. फंक्शनचं काम एवढंच. (या आकड्यावर प्रत्यक्षात होडी घालू नका. वारा, लाट आणि दर पावसाळ्यात सरकणारी वाळू यात धरलेली नाही.)

गणित चार ओळींचं आहे. ते मुद्दाम सोपं घेतलं, म्हणजे सगळं लक्ष दारावरच्या तपासणीकडे देता येईल. त्यातला -१.० हा आकडाही मुद्दाम घेतलाय, तो पुढे कामाला येतो.

पायरी १: सही कागदावर लिहा

कोडला हात लावण्याआधी फंक्शनची सही लिहून काढा:

`खोली(नकाशा, सुकती, भरती, /, तास=३, *, बंदर=काहीनाही)`

तिरप्या रेघेच्या आधीची आर्ग्युमेंटं फक्त जागेवरून येतात, नावाने देता येत नाहीत. ताऱ्यानंतरची फक्त नावाने येतात. मधली दोन्ही प्रकारे. ही पायथनची पद्धत. तारा ३.० पासून आहे, तिरपी रेघ ३.८ मध्ये, २०१९ साली आली. अंतर्गत फंक्शनांत मात्र ‘फक्त जागेवरून’ हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून होता, सहीत तो लिहून दाखवायची सोय तेवढी नव्हती.

नवशिक्यांनी जास्तीत जास्त आर्ग्युमेंटं रेघेच्या आधी ठेवावीत. नाव एकदा उघडं केलं की ते वचन होतं. कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये `तास=३` लिहिलं गेलं की ते बदलून `वेळ` करता येत नाही. पीएचपीमध्ये ८.० या आवृत्तीत, २०२० साली, नावाने आर्ग्युमेंट देण्याची सोय आली, तेव्हा तोवर फक्त कागदपत्रांत असलेली अंतर्गत फंक्शनांची पॅरामीटर-नावं एकदम एपीआयचा भाग झाली, आणि त्या आवृत्तीत त्यातली बरीच नावं सुधारून घ्यावी लागली.

सहीसोबत प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी प्रकार, आवश्यक की ऐच्छिक, न दिल्यास काय, मर्यादा काय, आणि रूपांतरानंतर काही मोकळं करावं लागतं का, हे लिहून ठेवा. शेवटचा रकाना लोक हटकून गाळतात, आणि मेमरी तिथूनच गळते.

‘दिलंच नाही’ आणि ‘काहीनाही दिलं’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. आतल्या बाजूला पहिलीसाठी रिकामा पॉइंटर, म्हणजे नल, आणि दुसरीसाठी भाषेतलं ‘काहीनाही’ हे खरंखुरं ऑब्जेक्ट वापरा. दोन्हींचा अर्थ एकच ठेवायचा असेल तर तो निर्णय फंक्शनने घ्यावा, पार्सरने परस्पर घेऊ नये.

पायरी २: मूल्यं आत कशी येतात ते ठरवा

जुनी पद्धत अशी: जागेवरची मूल्यं एका टपलमध्ये (न बदलणाऱ्या यादीत), नावाची डिक्शनरीत. समजायला सोपी, पण प्रत्येक कॉलला निदान एक ऑब्जेक्ट बांधायचं आणि लगेच मोडायचं. आपल्या `खोली`त गणितापेक्षा हाच खर्च जास्त होईल.

आता रुळलेली पद्धत म्हणजे एक सलग अ‍ॅरे, जागेवरच्या मूल्यांची संख्या, आणि नावांचं टपल. पायथन ३.८ पासून याला व्हेक्टरकॉल म्हणतात. वरच्या कॉलसाठी अ‍ॅरेत चार मूल्यं, संख्या ३, आणि नावांच्या टपलमध्ये फक्त `तास`. नावाने आलेली मूल्यं त्याच अ‍ॅरेत, जागेवरच्या मूल्यांच्या पाठोपाठ, नावांच्या क्रमाने असतात. नावं नसतील तर टपलच्या जागी नल, त्यामुळे साध्या कॉलला काहीच बांधावं लागत नाही.

एक खाच सांभाळा. व्हेक्टरकॉलमध्ये त्या संख्येचा सगळ्यात वरचा बिट एका वेगळ्या खुणेसाठी वापरतात. तो काढून न टाकता संख्या तशीच वापरली, तर तीन आर्ग्युमेंटांचा आकडा अवाढव्य दिसतो आणि ‘जास्त आर्ग्युमेंटं’ अशी चूक येते. ती खूण दरवेळी नसते, त्यामुळे तोच कॉल एका वाटेने चालतो आणि दुसऱ्या वाटेने अडतो. खूण काढायचं काम एकाच छोट्या फंक्शनकडे द्या आणि बाकी कुठेही कच्ची संख्या वापरू नका.

अ‍ॅरे कॉल करणाऱ्याचा आहे. त्यातली मूल्यं कॉल संपेपर्यंत जिवंत राहतील, एवढीच हमी मिळते. फंक्शन संपल्यावरही एखादं मूल्य ठेवायचं असेल तर त्याचा रेफरन्स, म्हणजे ‘हे अजून वापरात आहे’ अशी मोजणी, स्वतः वाढवा.

पायरी ३: प्रत्येक फंक्शनला एक पत्रक

सहीतली माहिती एका स्थिर स्ट्रक्टमध्ये ठेवा. त्याला इथे पत्रक म्हणू. त्यात फंक्शनचं नाव, पॅरामीटरांची नावं, जागेवरून किमान किती आणि कमाल किती, पहिली किती फक्त जागेवरची, आणि किती आवश्यक नावं. `खोली`साठी किमान ३, कमाल ४, फक्त जागेवरची ३, आवश्यक नावं ०.

नावं सीच्या स्ट्रिंग म्हणून ठेवलीत, तर दर कॉलला त्यांची अक्षरशः तुलना करावी लागेल. त्याऐवजी ती एकदाच रनटाइमच्या स्ट्रिंग-ऑब्जेक्टांत बदला, इंटर्न करा (म्हणजे त्या मजकुराची एकच सामायिक प्रत ठेवा) आणि पत्रकातच साठवा. मग बहुतेक कॉलना नाव जुळवणं म्हणजे दोन पॉइंटरांची तुलना उरते. सीपायथनने (पायथनच्या सीमध्ये लिहिलेल्या मूळ इंटरप्रिटरने) ३.६ पासून असंच पत्रक आत वापरायला घेतलं.

ही तयारी पहिल्या कॉलला करायची की रनटाइम सुरू होताना? पहिल्या कॉलला केली तर सुरुवात हलकी राहते, पण दोन थ्रेड एकाच वेळी पहिला कॉल करू शकतात. तिथे ‘एकदाच’ चालणारी अणुरूप खूण लागते. नवशिक्यांनी सरळ मॉड्यूल लोड होतानाच तयारी उरकावी. शंभर-दीडशे फंक्शनांना तो वेळ जाणवतही नाही.

पायरी ४: कप्पे भरणं

आता गाभ्याचं काम. पॅरामीटर जितके, तितक्या पॉइंटरांचा एक अ‍ॅरे घ्या. हे कप्पे. सगळे आधी नल. मग आलेली मूल्यं ज्याच्या त्याच्या कप्प्यात घालायची. इथे कुठलंही रूपांतर करायचं नाही, फक्त वाटप.

```
कप्पे_भर(पत्रक, मूल्यं, संख्या, नावं, कप्पे):
    सगळे कप्पे = नल
    संख्या > पत्रक.कमाल → चूक: जास्त आर्ग्युमेंटं
    क = ० ते संख्या-१:  कप्पे[क] = मूल्यं[क]
    प्रत्येक नाव न, क्रमांक ज:
        स = शोध(पत्रक, न)
        सापडलं नाही → चूक: अनोळखी नाव
        स < पत्रक.फक्त_जागेवरची → चूक: हे नावाने देता येत नाही
        कप्पे[स] नल नाही → चूक: दोनदा दिलं
        कप्पे[स] = मूल्यं[संख्या + ज]
    आवश्यक कप्पा अजून नल → चूक: हे राहिलं
```

संख्येची तपासणी वाटपाच्या आधी आहे, याकडे नीट पाहा. ती नंतर केली तर पाचवं आर्ग्युमेंट गुपचूप `बंदर`च्या कप्प्यात जाईल, आणि सहावं आलं की कप्प्यांच्या हद्दीपलीकडे लिहिलं जाईल. ‘राहिलं’ ही तपासणी सगळ्यात शेवटी, कारण नावाने काय काय आलं हे कळल्याशिवाय ती करता येत नाही. ‘दोनदा दिलं’ ही तपासणी विसरली तर `खोली(-१.०, ०.६, २.२, ३, तास=५)` यात ५ गुपचूप जिंकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

`शोध` दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत सगळ्या नावांशी फक्त पॉइंटर जुळवून पाहा. एकही जुळला नाही तरच दुसऱ्या फेरीत अक्षरं तपासा. दोन्ही तुलना एकाच फेरीत केल्या, तर पाचव्या नावासाठी आधीच्या चार नावांच्या अक्षर-तुलना फुकट होतात.

मराठी नावं ठेवणार असाल तर इथे एक खास अडचण आहे. समजा पुढे `वाऱ्याचा_वेग` हे आर्ग्युमेंट जोडलं. त्यातला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. पायथन स्क्रिप्ट वाचताना नावं एनएफकेसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणतो, आणि त्या रूपात र आणि नुक्ता मिळून एकच ऱ होतो. पण डिक्शनरी उलगडून दिलेली नावं असं काही न करता जशीच्या तशी येतात. तुमच्या पत्रकात र आणि नुक्ता वेगवेगळे टाइप झाले असतील, तर स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलेलं नाव कधीच जुळणार नाही, आणि ‘अनोळखी नाव’ हा संदेश दोन तंतोतंत सारखे दिसणारे शब्द दाखवेल. म्हणून पत्रकातली नावं बिल्डच्या वेळीच एका रूपात आणून तपासा. र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा प्रकारही काही कीबोर्डवरून येतो. तो या रूपांतराने सुधारत नाही, आणि पायथनच्या नावांत ते जोडचिन्ह चालतही नाही.

आता वेगवान वाट. नावं नाहीत, आवश्यक नावं शून्य, आणि संख्या किमान-कमालच्या मध्ये असेल, तर कप्पे भरायचीच गरज नाही. आलेला अ‍ॅरे हेच कप्पे समजून परत द्या. बहुसंख्य कॉल याच वाटेने जातात, त्यामुळे फायदा खरा आहे. धोकाही खराच. तीन मूल्यं आली असतील तर अ‍ॅरे तीनच लांबीचा आहे, चौथ्या जागी नल नाही, काहीही असू शकतं. ऐच्छिक कप्पा वाचण्याआधी संख्या पाहणं या वाटेवर बंधनकारक आहे. चाचणीत हा दोष सहसा दिसत नाही, कारण पुढची मेमरी बरेचदा योगायोगाने निरुपद्रवी असते.

पायरी ५: रूपांतर

कप्प्यांतली ऑब्जेक्टं आता सीच्या प्रकारांत आणायची. नव्या लोकांचे सगळ्यात जास्त दोष याच पायरीवर सापडतात, म्हणून इथे सावकाश चला.

पहिला नियम रूपांतर करणाऱ्या फंक्शनच्या आकाराचा. ते यश-अपयश परत देऊ दे, आणि मूल्य पॉइंटरवाटे लिहू दे. मूल्यच परत देऊन -१ ला ‘चूक’ मानणारी रचना करू नका. सीपायथनमधलं फ्लोटचं डबल करणारं फंक्शन चूक झाली तर -१.० देतं, त्यामुळे -१.० मिळाल्यावर चूक खरंच नोंदली गेली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. तो प्रश्न विसरलात, तर एक मीटर उघड्या पडणाऱ्या दांड्याची अगदी बरोबर खोली तुमचं फंक्शन चूक समजून परत फिरेल. उलट नुसतं दुर्लक्ष केलंत, तर एखाद्या स्ट्रिंगचं ‘रूपांतर’ -१.० होऊन गणितात मिसळेल.

पूर्णांकांत हद्द तपासणं हे रूपांतराचंच काम. ३२ बिटांच्या इंटमध्ये कमाल २,१४,७४,८३,६४७ मावतात. मासळीच्या लिलावाच्या रकमा पैशांत साठवल्या तर हे झाले २ कोटी १४ लाखांच्या आसपास रुपये, आणि मोठ्या बंदराची हंगामभराची बेरीज एवढ्यात बसेल असं धरून चालता येत नाही. अशा ठिकाणी ६४ बिटच घ्या, आणि तिथे लाँग लिहू नका: लाँग ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, विंडोजवर ३२ बिटांचाच. ठरावीक रुंदीचा प्रकार लिहा. सीपायथनच्या फॉरमॅट-अक्षरांत (आर्ग्युमेंटचा प्रकार सांगणारी एकेक अक्षरं) लहान ‘आय’ हद्द तपासतो, पण मोठा ‘आय’ आणि ‘के’ हे बिनचिन्हाचे प्रकार हद्द तपासत नाहीत, जास्तीचे बिट गपचूप कापतात. नाव जवळपास सारखं आणि वागणं उलट, अशी रचना आपल्या रनटाइममध्ये टाळाच.

दशांश संख्यांत नॅन हा पाहुणा असतो, म्हणजे ‘संख्या नाही’ असं मूल्य. लहान, मोठं किंवा समान अशी त्याची कुठलीही तुलना खोटीच ठरते. म्हणून `तास < ० किंवा तास > ६ → चूक` अशी अट नॅनला आरामात आत सोडते. अट उलटी लिहा: `(तास >= ० आणि तास <= ६) नसेल → चूक`. अर्थ तोच, पण नॅन दारातच अडतो. अनंतही हाच पहारा अडवतो.

स्ट्रिंगमध्ये लांबी कशात मोजायची ते ठरवा आणि नावातच लिहा. ‘रत्नागिरी’ वाचताना चार अक्षरं, युनिकोडच्या हिशेबाने ९ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. बंदराच्या नावाला ‘कमाल २०’ अशी मर्यादा घालताना बाइट मोजले तर रत्नागिरी बाहेर आणि लॅटिन लिपीतलं तेच नाव आत, असं होईल. स्ट्रिंगच्या मधोमध शून्य बाइट असेल तर सीच्या जगात ती तिथेच संपते. फाइलचं नाव घेताना हे सुरक्षेचं भगदाड ठरतं, तेव्हा लांबी सोबत घेत नसाल तर असं मूल्य सरळ नाकारा.

खरं-खोटं आणि पूर्णांक यांची गल्लत होऊ द्यायची की नाही? पायथनमध्ये ‘खरं’ हाही पूर्णांकच, त्यामुळे `तास=खरं` म्हणजे १ तास. हे खपवून घ्यायचं असेल तर सगळीकडे घ्या, नाहीतर कुठेच नको. स्ट्रिंगमधून संख्या मात्र पार्सरने काढू नये. पीएचपीच्या सैल पद्धतीत "१२" सारखी अंकांची स्ट्रिंग पूर्णांकाच्या जागी चालते, पण अंक इंग्रजी वळणाचे (12) असतील तरच. देवनागरी अंक दिले की तोच कॉल अडतो. पायथनचं इंट हे फंक्शन देवनागरी अंकांची स्ट्रिंग व्यवस्थित वाचतं. म्हणून रूपांतर बाहेर, डोळ्यांसमोर होऊ दे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. रूपांतर म्हणजे परक्याचा कोड चालवणं असू शकतं. पूर्णांक मागितला आणि आलेलं ऑब्जेक्ट वापरणाऱ्याने स्वतः बनवलेलं असेल, तर ‘तू पूर्णांक म्हणून कोण?’ हे विचारायला त्याचंच मेथड बोलवावं लागतं. त्या मेथडमध्ये काहीही लिहिलेलं असू शकतं. समजा फंक्शन एक यादी आणि एक क्रमांक घेतं. तुम्ही यादीच्या पहिल्या घटकाचा उसना (रेफरन्स न वाढवलेला) पॉइंटर आधी काढून ठेवला, मग क्रमांकाचं रूपांतर केलं, आणि त्या मेथडने यादीच रिकामी केली. तुमच्या हातातला पॉइंटर आता मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवतोय. यादी कप्प्यात आहे म्हणून जिवंत आहे, पण तिच्या आतल्या घटकांची हमी कुणी दिलेली नाही.

म्हणून क्रम असा बांधा. आधी ज्यांना परका कोड लागू शकतो अशी सगळी रूपांतरं: पूर्णांक, दशांश, खरं-खोटं. मग फक्त प्रकार तपासून होणारी. सगळ्यात शेवटी बफर आणि आतले पॉइंटर. बफर घेताना तो ‘धरून’ ठेवणारी पद्धत वापरा, म्हणजे धरलेला असेपर्यंत त्याचा आकार कुणी बदलू शकणार नाही. या क्रमाची किंमत एवढीच की चूक दोन आर्ग्युमेंटांत असेल तर संदेश नेहमी डावीकडच्याच आर्ग्युमेंटचा येईल असं नाही. ती किंमत जरूर मोजा.

पार्सर कुठे थांबतो

तास ० ते ६ मध्ये हवा, हे एका आर्ग्युमेंटपुरतं आहे, पार्सरने बघावं. भरतीची उंची सुकतीपेक्षा कमी नको, हे दोन आर्ग्युमेंटांमधलं नातं आहे, ते फंक्शनच्या पहिल्या ओळीत. आणि महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्या काळातली लिलावाची नोंद नाकारायची का, हा तिसराच प्रश्न. तो नियम सरकारी आदेशाने बदलू शकतो, त्याला पार्सरच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

बंदरांच्या नावांसाठी स्वतंत्र रूपांतर-फंक्शन लिहा: स्ट्रिंग घ्या, ठरलेल्या यादीत शोधा, क्रमांक द्या. हर्णै आणि हर्णे अशी दोन्ही वळणं लिहिली जातात, ती एकाच क्रमांकाला जोडायची जागा हीच. तेच फंक्शन मग भरतीच्या, लिलावाच्या, हवामानाच्या सगळ्या फंक्शनांत वापरता येतं.

पायरी ६: फसल्यावर आवरणं

चौथं रूपांतर फसलं तेव्हा पहिल्या तिघांनी काय काय धरून ठेवलंय? उसना पॉइंटर असेल तर काहीच नाही. धरलेला बफर असेल तर तो सोडायला हवा. दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये नवी प्रत काढली असेल तर ती मोकळी करायला हवी. पायरी १ मधला शेवटचा रकाना यासाठीच होता.

```
बफर = रिकामा;  प्रत = नल;  उत्तर = नल
दशांश(कप्पे[०], &नकाशा) फसलं → गोटू आवर
...
बफर_धर(कप्पे[४], &बफर) फसलं → गोटू आवर
उत्तर = हिशेब(...)
आवर:
    बफर_सोड(&बफर)
    मोकळं(प्रत)
    परत दे उत्तर
```

प्रत्येक व्हेरिएबलला सुरुवातीलाच रिकामं मूल्य द्या आणि `आवर`मधली प्रत्येक ओळ रिकाम्या मूल्यावरही बिनधोक चालेल अशी लिहा. मग बाहेर पडायची वाट एकच राहते. कुठवर पोचलो होतो याचा हिशेब ठेवणारी पाच वेगवेगळी लेबलं लिहू नका. सहावं आर्ग्युमेंट जोडताना त्यातलं एक चुकतंच.

लुआ या भाषेत हे आणखी कडक आहे. तिथे आर्ग्युमेंट तपासणारं फंक्शन चूक सापडली की परत येतच नाही, लाँगजंपने थेट वर उडी मारतं. त्याआधी मॅलॉकने मेमरी घेतली असेल तर ती कायमची गेली. तिथे नियम एकच: सगळी आर्ग्युमेंटं तपासून झाल्याशिवाय काहीही मागायचं नाही.

पायरी ७: चुकीचा संदेश

संदेशात फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंटचं नाव किंवा जागा, काय हवं होतं आणि काय मिळालं, एवढं असलं की पुरे: `खोली(): ४थं आर्ग्युमेंट ‘तास’ संख्या हवं, स्ट्रिंग मिळालं`. जागा एकपासून मोजा. मेथडमध्ये स्वतः ऑब्जेक्ट हे पहिलं आर्ग्युमेंट आत येतं, पण वापरणाऱ्याने ते कंसात लिहिलेलं नसतं. लुआ अशा वेळी संदेशातला आकडा एकाने कमी करतो, तसं करा.

संदेशात मूल्य छापायचा मोह टाळा. मूल्याची स्ट्रिंग करणं म्हणजे पुन्हा परका कोड, आणि तोही चूक हाताळत असताना. प्रकाराचं नाव छापा. आधीच डबल झालेला आकडा मात्र खुशाल दाखवा.

चूक दाखवून पुढे चालू राहणं ही वाईट रचना आहे. पीएचपीची अंतर्गत फंक्शनं पूर्वी चुकीच्या प्रकारावर इशारा देऊन नल परत द्यायची, मग तो नल पुढे दहा ओळी जाऊन भलतीकडेच आदळायचा. ८.० पासून तिथे थेट टाइपएरर येतो.

लिहायची रीत: स्ट्रिंग, मॅक्रो की जनरेटर

पायथनचं पायआर्ग_पार्सटपल फॉरमॅट-स्ट्रिंग घेतं: प्रत्येक आर्ग्युमेंटला एक अक्षर, ऐच्छिक भागाआधी उभी रेघ, शेवटी विसर्गासारखं चिन्ह आणि फंक्शनचं नाव. लिहायला झटपट, पण कंपायलर त्या स्ट्रिंगकडे पाहत नाही. ‘पी’ हे अक्षर पूर्ण इंट लिहितं. तुम्ही एका बाइटचं बूल व्हेरिएबल दिलंत, तर पुढचे तीन बाइट शेजारच्याचे जातात, आणि दोष दिसतो तो शेजाऱ्यात. पीएचपी ७.० मध्ये यासाठी मॅक्रो आले. रूपांतराचा कोड फंक्शनमध्येच उलगडतो, त्यामुळे स्ट्रिंग वाचायचा वेळ वाचतो, बदल्यात बायनरी फुगते. तिसरी रीत म्हणजे सही एकदाच लिहायची आणि पत्रक, कप्पे, रूपांतर, मदतीचा मजकूर हे सगळं जनरेटरकडून घ्यायचं. पायथन ३.४ मध्ये आलेलं आर्ग्युमेंट क्लिनिक हेच करतं. याचा मोठा लाभ वेगापेक्षा वेगळा आहे: कागदपत्रात `तास=३` आणि कोडमध्ये ४, अशी फारकत होऊच शकत नाही.

दहा-पंधरा फंक्शनं असतील तर हाताने लिहा, त्यातून समज पक्की होते. पन्नाशी ओलांडली की जनरेटर लिहायला बसा. फॉरमॅट-स्ट्रिंगची स्वतःची नवी लिपी मात्र काढू नका.

पायरी ८: चाचण्या

आधी मोजणी: ०, २, ३, ४ आणि ५ आर्ग्युमेंटं. मग नावं: बरोबर, अनोळखी, दोनदा, फक्त जागेवरचं नावाने, फक्त नावाचं जागेवरून. `तास`ला ०, ६, ६ पेक्षा किंचित जास्त, -१.०, नॅन, अनंत, ‘खरं’, ‘काहीनाही’, "३". `नकाशा`ला -१.० नक्की. ऱ च्या दोन्ही रूपांतलं नाव, थेट लिहून आणि डिक्शनरीतून. एक दुष्ट ऑब्जेक्ट बनवा, ज्याचं पूर्णांक-मेथड दिलेली यादी रिकामी करतं, आणि दुसरं, ज्याचं तेच मेथड चूक फेकतं.

हे सगळं अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बांधलेल्या रनटाइमवर चालवा. वेगवान वाटेवरचं हद्दीबाहेरचं वाचन आणि मोकळ्या मेमरीतला पॉइंटर त्याशिवाय हाती लागत नाही. वेगवान आणि सावकाश या दोन्ही वाटांना त्याच चाचण्या द्या. सावकाश वाट सक्तीने घ्यायला लावणारा एक बिल्ड-पर्याय ठेवला तर हे सोपं जातं.

शेवटी गळती. प्रत्येक अपयशी कॉल एक लाख वेळा चालवा आणि आधी-नंतर जिवंत ऑब्जेक्टांची संख्या पाहा. यशस्वी कॉल सगळेच तपासतात, अपयशी वाट कुणी तपासत नाही. संख्या लाखाने वाढली असेल तर दर कॉलला एक रेफरन्स सुटतोय. आवश्यक तेवढी आर्ग्युमेंटं ठेवून एकेक ऐच्छिक आर्ग्युमेंट काढत तोच कॉल पुन्हा चालवा. ज्याच्या जाण्याने वाढ थांबेल, त्याची `आवर`मधली ओळ राहिलेली असते.